हॉटेलचं पाणी : वाशीतल्या प्रकल्पाच्या नोंदी, जानेवारी ते ऑक्टोबर २०२५

२२ जानेवारी २०२५

काल नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचा शेवटचा शो झाला. १८, १९ आणि २१ असे तीन शो, आणि आमच्या ६४च्या ६४ रूम फुल, कुठल्या कुठल्या शहरातनं पोरं आलेली, एकेका रूममध्ये चार चार जण. १९ ला सकाळी साडेनऊला चौथ्या मजल्यावरून पहिला फोन आला, शॉवर चालू असताना पाणी गेलं, डोक्याला शाम्पू तसाच. पुढच्या दहा मिनिटांत रिसेप्शनचा फोन खाली ठेवता येईना. मी धावत खाली गेले, अंडरग्राउंड टाकीचं झाकण उचललं तर तळ दिसत होता आणि पंप कोरडा ओढत होता. त्या दिवशी चार टँकर आणले, आमच्याच पार्किंगमध्ये गाड्या हलवून हलवून ते आत घेतले.

आज मीटिंगमध्ये जीएम सर म्हणाले, उन्हाळा येतोय, टँकरवाल्याशी वर्षाचा करार करून टाकू. मी म्हणलं सर, तीन महिने द्या, आधी आपलं पाणी जातं कुठे ते बघू, मग टँकर ठरवू. त्यांनी दिले. मेंटेनन्समधून मी, प्लंबर काका, आणि हाउसकीपिंगमधून कोणीतरी एक जण अशी टीम ठरली. त्यासाठी मी मावशींचं नाव दिलं, त्या अकरा वर्षं इथे आहेत.

२७ जानेवारी

बिलं काढून बसले. पालिकेच्या मीटरवर रोजचे साधारण २८ हजार लिटर, वर रोज एक टँकर १० हजारांचा, म्हणजे ३८ हजार. आणि हे कॉन्सर्टच्या दिवसांचं नाही, साध्या दिवसांचं. पाहुणे सरासरी ७५ धरले तर माणशी ५०० लिटरच्या वर.

आता हे जास्त की कमी हे कळायला कशाशी तरी ताडून बघायला पाहिजे. भारतीय मानक आयएस ११७२ मध्ये चार स्टारपर्यंतच्या हॉटेलला एका बेडमागे दिवसाला १८० लिटर धरलेत, रेस्टॉरंटला एका खुर्चीमागे ७०. त्याप्रमाणे आमचे पाहुणे, ६० खुर्च्यांचं रेस्टॉरंट, स्टाफ सगळं मिळून २० हजारांच्या आसपास बसतं. आम्ही जवळपास दुप्पट वापरतोय. शहरातल्या घरात माणशी १३५ लिटर धरतात आणि गावाकडे जल जीवन मिशनमध्ये माणशी ५५, हे आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेत.

नवी मुंबईला पाण्याचं सुख आहे हे खरंय, स्वतःचं धरण असलेल्या मोजक्या पालिकांपैकी ही एक. खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचं मोरबे, भरलं की ८८ मीटरची पातळी, आणि ती बातमी दरवर्षी आपण आनंदाने एकमेकांना पाठवतो. त्यामुळे इथे पाण्याचा हिशोब ठेवायची सवयच कुणाला लागलेली नाही असं मला वाटतं.

५ फेब्रुवारी

सहा मीटर बसवले. रूमची लाइन, किचन, लाँड्री, एसीचा कूलिंग टॉवर, बाग आणि एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं, शुद्ध केलेलं पाणी. काकांना सुरुवातीला हे अजिबात पटलं नव्हतं, म्हणाले मॅडम मीटर लावून पाणी वाचतं का, गळती शोधा. मी म्हणलं काका, गळती कुठे शोधायची तेच तर कळत नाहीये. दोन दिवस लागले कारण लाँड्रीची लाइन किचनच्या लाइनमधूनच काढलेली निघाली, कधी कुणी जोडली कुणालाच माहीत नाही, ड्रॉइंगमध्ये नाही. ती वेगळी केली.

रोज सकाळी ७ ला रीडिंग. मावशी घेतील म्हणाल्या. आकडे लिहिताना त्या लाल आकडेसुद्धा लिहित होत्या, सांगितलं की काळे तेवढे लिहायचे, काळे म्हणजे हजार लिटर.

१३ फेब्रुवारी

आठवड्याचा हिशोब. रूम १३ हजार, लाँड्री ७, किचन ६, कूलिंग टॉवर ४. बेरीज ३०. खालच्या टाकीत येतंय ३८. बागेला एसटीपीचं पाणी जातं त्यामुळे ते यात नाही. म्हणजे रोजचे ८ हजार लिटर कुठल्याच मीटरमधून जात नाहीत. मी दोनदा बेरीज केली, मग काकांकडून करून घेतली.

खालची टाकी गळते का बघायला रात्री १ ते ४ इनलेट बंद, पंप बंद, काठीवर खूण करून बसलो. अर्धा सेंटीमीटरसुद्धा उतरली नाही. टाकी चांगली आहे.

१८ फेब्रुवारी

सापडलं, आणि मला नाही, मावशींना सापडलं.

सकाळी रीडिंग झाल्यावर म्हणाल्या, ताई जरा मागे या. लाँड्रीच्या मागच्या बोळात गच्चीवरून पावसाचं पाणी उतरणारा पाइप आहे, त्याच्या बुडाशी त्या उकिडव्या बसल्या आणि भिंतीवरून बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला हिरवंगार शेवाळ. ताई, फेब्रुवारीत शेवाळ कसं? पाऊस जाऊन चार महिने झाले. मी हात लावला तर पाइपचं तोंड ओलं आणि गार.

आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. पावणेनऊला पाइपमधून आधी घरघर आली मग पाणी, चांगलं मनगटाएवढ्या जाडीचं, सात-आठ मिनिटं सरळ गटारात. मग बंद. काकांना वर पाठवलं. ओव्हरहेड टाकीचा ओव्हरफ्लो कुणीतरी पावसाच्या पाइपमध्येच सोडलेला, म्हणजे टाकी वाहिली तरी गच्चीवर थेंब दिसणार नाही. आणि टाकी वाहत का होती, तर टाकी भरली की पंप बंद करणाऱ्या फ्लोट स्विचची वायर कधीतरी तुटली आणि तेव्हा तात्पुरतं म्हणून स्विच बायपास करून पंपाला टाइमर लावला. दिवसातून सहा वेळा पंप ठरलेला वेळ चालतो, टाकी भरो न भरो. पंप तासाला १० हजार लिटर चढवतो, शेवटची आठ मिनिटं वाहून जातात, सहा वेळा. गुणाकार केला तर बरोबर आठ हजार. रोजचा जवळजवळ एक अख्खा टँकर आपण पैसे देऊन वर चढवत होतो आणि गटारात सोडत होतो, विजेचं बिल वेगळं.

फ्लोट स्विच आणि वायर मिळून काही हजारांच्या आत काम झालं, संध्याकाळी बसवलं. ओव्हरफ्लोचा पाइप कापून बाहेर काढला, आता वाहिलं तर सरळ पार्किंगमध्ये वॉचमनच्या खुर्चीशेजारी पडेल.

मावशींना विचारलं तुम्हाला कसं दिसलं. त्या तुर्भे स्टोअरला राहतात, गल्लीत पाणी पहाटे येतं तेही थोडा वेळ, चारला उठून ड्रम भरायचे. म्हणाल्या, पाण्याचा आवाज आला की माझी झोप मोडते ताई, तो पाइप मला कधीपासून ऐकू येत होता पण मला वाटलं तुमचं मशीनचं पाणी असेल, कुणाला विचारायचं.

हे वाक्य मी जीएम सरांना जसंच्या तसं सांगितलं. आता महिन्याच्या मीटिंगला मावशी बसणार.

३ मार्च

किचनचा आरओ. रोज १२०० लिटर पाणी देतो आणि त्यासाठी १८०० लिटर रिजेक्ट म्हणून सोडतो. शेफना सवय झालीय, आरओशिवाय डाळ शिजत नाही म्हणतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटर घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर नळाचं पाणी मोजलं, ६८. आरओचं ९. पिण्याच्या पाण्याच्या मानकात ५०० पर्यंतचा टीडीएस चांगला धरलाय, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेसुद्धा सांगितलेलं की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला. धरणाचं पाणी मुळातच गोड असतं, त्यात क्षार काढायला आहेतच काय. आरओ पाहिजे तो बोअरच्या खाऱ्या पाण्याला. आपल्याला भीती आहे ती जंतूंची, त्याला यूएफची बारीक गाळणी आणि यूव्हीचा अतिनील दिवा पुरतो आणि त्यात पाणी फेकावं लागत नाही.

खरी अडचण टँकरची होती, टँकरचं पाणी कुठलं आणि कसं हे कुणी सांगू शकत नाही, एकदा त्याचा टीडीएस ७४० आलेला. म्हणून आधी ठरवलं की टँकर बंद होईपर्यंत किचनची टाकी वेगळी, त्यात फक्त पालिकेचं पाणी. लॅबमध्ये नमुना पाठवलाय, कोलिफॉर्म जंतूंचा रिपोर्ट नील आला की आरओ काढायचा. शेफनी दोन ग्लास झाकून चव घेतली, ओळखता आलं नाही, मग तयार झाले.

१० मार्च

बँक्वेटवाल्यांनी धुळवडीचा रेन डान्स विकलाय. गच्चीवर नाही, मागच्या लॉनवर, बारा शॉवर, चार तास. एक शॉवर मिनिटाला १० लिटर म्हणजे चार तासांत २८,८०० लिटर, रंग मिसळलेलं पाणी परत वापरता पण येत नाही, एसटीपीत सोडलं तर तिथले घाण खाणारे जिवाणू मरतील. मी स्पष्ट विरोध केला. सरांचं म्हणणं तिकिटं गेलीत, पैसे परत करणं शक्य नाही. बराच वेळ वाद झाला आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

१५ मार्च

शेवटी असं झालं की चार तासांऐवजी एक तास, आणि शॉवरच्या जागी मिनिटाला ४ लिटरचे बारीक तुषार उडवणारे नोझल. २,९०० लिटर लागले. बाकीचे तीन तास ढोल-ताशा, कोरडा गुलाल, थंडाई. एकानेही पाणी कमी पडलं म्हणून तक्रार केली नाही, उलट बायका म्हणाल्या बरं झालं, चिखल झाला नाही. पुढच्या वर्षी विकायच्या आधी मला विचारायचं असं लेखी घेतलंय.

२४ मार्च

रूमकडे वळलो. बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच, बाकी काही लागत नाही. बेसिनचे नळ मिनिटाला १२ ते १५ लिटर. एरेटर लावला की पाण्यात हवा मिसळते, धार भरलेली लागते आणि पाणी ५-६ लिटर जातं. बेसिनला लावले. शॉवरला मात्र मी ९ च्या खाली गेले नाही, कारण माणूस दिवसभर फिरून येतो, त्याला आंघोळ नीट मिळाली पाहिजे, तिथे कंजुषी केली की तो दुप्पट वेळ उभा राहतो.

फ्लशच्या टाकीत खाण्याचा लाल रंग टाकून वीस मिनिटांनी भांड्यात बघायचं, लाल उतरला तर वॉशर गेलाय. ६४ पैकी ११ ठिकाणी उतरला. हे पाणी आवाज न करता जातं, पाहुणा एक रात्र राहतो त्याला काय कळणार.

सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच निघाली. पाचव्या मजल्याच्या टोकाच्या रूममध्ये गरम पाणी यायला १ मिनिट ५० सेकंद लागतात. तोवर पाहुणा शॉवर चालू ठेवून बाहेर उभा. प्रत्येक आंघोळीला १६-१७ लिटर चांगलं पाणी नुसतं वाट बघण्यात. काका म्हणाले लाइन लांब आहे, असंच असतं. पण मूळ ड्रॉइंगमध्ये गरम पाण्याची रिटर्न लाइन, म्हणजे पाणी बॉयलरकडे परत नेऊन सतत फिरतं ठेवणारी, दाखवलीय, आणि ती आहे पण! बॉयलरच्या मागे छोटा पंप, धुळीत, त्याचा कपॅसिटर जळलेला. किती वर्षं बंद आहे कुणी सांगू शकलं नाही. कपॅसिटर बदलला, पाइपला उष्णतारोधक गुंडाळलं, आता १५ सेकंदांत गरम येतं. पाहुण्यांच्या रिव्ह्यूमध्ये पहिल्यांदा गरम पाण्याचं कौतुक आलंय.

९ एप्रिल

आठवडाभर नुसत्या तक्रारी. बेसिनला धार नाही. एरेटर उघडले तर जाळीत वाळू आणि गंजाचे कण, टाकी धुतली त्याचा गाळ. आधी टाकी धुवायची, लाइन फ्लश करायची आणि मग एरेटर लावायचे, आम्ही उलटं केलं, ही चूक माझी. सगळे काढून व्हिनेगरमध्ये भिजवून परत लावले. आता हाउसकीपिंगच्या महिन्याच्या यादीत घातलंय.

१६ एप्रिल

फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांचा सीझन. पहाटे ऐरोलीला जातात, खाडीत बोटीतून. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलंय, लोक मुद्दाम त्यासाठी येऊन राहतात. आणि नेमकं काल अशाच एका कुटुंबाने सांगितलं की फ्लशच्या पाण्याला वास येतोय.

फ्लशला एसटीपीचं पाणी जातं, म्हणून तिथे गेले. ऑपरेटर दादा रात्री ११ ते ५ पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवतात, वीज वाचवायला सांगितलेलं म्हणे. सहा तास हवा नाही मिळाली तर जिवाणू गुदमरणारच, पाणी काळपट होऊन वास मारणारच. दादांवर कुणी ओरडू नये असं मी सांगितलं, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं. ब्लोअर चोवीस तास, क्लोरीन रोज तपासायचं, आणि पाणी काचेच्या बाटलीत भरून ऑफिसच्या खिडकीत ठेवायचं, येताजाता सगळ्यांना दिसेल. वाशीचं गटार धारण तलावातून खाडीतच जातं. आपण इथून जे सोडतो तेच सकाळी पाहुण्यांना बोटीतून दाखवतो.

८ मे

मावशी चार दिवस माहेरी जाऊन आल्या, शहापूर तालुका. तानसा १८९२ पासून आहे, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, मुंबईचं बहुतेक पाणी त्याच पट्ट्यातून जातं, आणि तिथल्याच पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत हंडे लावून ठेवतात. मावशी म्हणाल्या, वहिनीने मला आंघोळीला एक बादली दिली आणि वर म्हणाली तू पाहुणी आहेस म्हणून एक, आम्ही दोघींत एक घेतो. एवढंच बोलल्या आणि रीडिंग घ्यायला गेल्या. त्या दिवशी वहीत त्यांनी आकड्याखाली दोनदा रेघ मारली होती, मी विचारलं नाही.

१४ मे

लाँड्री. चादरी आणि टॉवेल रोज बदलायचे ही पद्धत. बेडवर पाणी वाचवा म्हणून कार्ड आधीपासून आहे पण कुणी वाचत नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉटेलच्या टॉवेलवर केलेला प्रयोग २००८ मध्ये छापून आलेला, पर्यावरणासाठी एवढं करा असं लिहिण्यापेक्षा बहुतेक पाहुणे टॉवेल परत वापरतात असं लिहिलं की लोक जास्त ऐकतात. मला हे आवडलं पण आधी आमचं खरं किती ते दोन आठवडे मोजलं, निम्म्यापेक्षा कमी निघाले. म्हणजे बहुतेक लिहिणं खोटं ठरलं असतं, ते नाही लिहायचं. त्याऐवजी चेक-इनलाच तोंडी सांगतो की चादर तिसऱ्या दिवशी बदलतो, रोज हवी असेल तर आत्ताच सांगा, रोज देऊ. दहात एखादाच रोज मागतो.

शेवटच्या विसळण्याचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं, ते ५०० लिटरच्या टाकीत धरून पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला. लाँड्रीतल्या दादांनी पाइप स्वतः जोडला.

२६ मे

मान्सून आला. मुंबईत २६ मेला मान्सून म्हणजे इतका लवकर कधीच नोंदला गेला नव्हता, एरवी ११ जून. आणि आमचं गच्चीच्या पाण्याचं काम १० जूनच्या हिशोबाने चाललेलं, फिल्टर अजून पॅकिंगमध्ये. ५५० चौरस मीटर गच्ची, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, ५० मिलिमीटरच्या दिवसाला थोडं वाया धरूनही २२ हजार लिटर. ते सगळं डोळ्यांसमोर गेलं. काका भिजत भिजत पाइप जोडत होते, मी म्हणलं काका राहू दे, ऐकेनात.

इथे शोषखड्डा घ्यायचा नाही हे आधीच ठरवलेलं. वाशी खाडी भरून केलेली जमीन, भरतीला पाणी वर येतं, खाली खारटच, गोडं पाणी तिथे मुरवून मिळणार काय. साठवायचंच. १० हजारांच्या दोन टाक्या, आणि पाणी कूलिंग टॉवरला. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत, त्यामुळे टॉवरचं पाणी जास्त वेळा फिरवता येतं आणि खालून कमी सोडावं लागतं.

२ जून

फिल्टर बसला. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचा व्हॉल्व्ह पण. टॉवर पावसावर.

७ जुलै

जूनचं रीडिंग, पावसाचं पाणी न धरता, म्हणजे टॉवरचे ४ हजार जुन्यासारखेच लाइनमधून घेतले असं मानून : रूम १०, लाँड्री ४.८, किचन ४.२, टॉवर ४. एकूण २३ हजार. जानेवारीत ३८ होतं, पाहुणे तेवढेच. पालिकेकडून २८ येतात. टँकर २९ एप्रिलपासून आलेला नाही, आणि कराराचा कागद जीएम सरांनी मीटिंगमध्ये मावशींच्या हातात दिला, फाडा म्हणाले. त्यांनी फाडला नाही, मागची बाजू कोरी होती म्हणून रीडिंगसाठी घडी घालून ठेवला.

१० ऑक्टोबर

परवा नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. मालकांना वर दोन मजले चढवायचेत, २६ रूम. आर्किटेक्टचं ड्रॉइंग आलं त्यात फ्लशला आणि बेसिनला एकच लाइन. परत पाठवलं, फ्लशची लाइन वेगळी, एसटीपीच्या पाण्यावर, मजल्याला स्वतंत्र मीटर, आणि मीटर अशा उंचीवर की मावशींना स्टूल न घेता वाचता येईल. गरम पाण्याची रिटर्न लाइन कुठून जाणार तेही दाखवा म्हणलंय, तिच्या पंपाला दिवा पाहिजे, बंद पडला की कळेल असा.

उन्हाळ्यात टॉवर एसटीपीच्या पाण्यावर चालवायचा राहिलाय, त्याला आधी पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर लागेल. कोटेशन सोमवारी येणार.